आतड्याची माणसं



गेले काही महिने या पानावर नवा लेख आला नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी विचारलंही. लेख लिहून ठेवला होता, पण तो छापायला आण्णांची परवानगी हवी होती. ती आता मिळाली. "नाव घालू नका, बाकी सगळं लिहा," असं ते म्हणाले. आमच्या धर्मग्रामात त्यांना न ओळखणारा कोणी नाही, त्यामुळे नाव न घातल्याने काय लपणार ते देव जाणे. बाहेरगावच्या वाचकांसाठी मात्र ते आण्णाच राहतील.

या लेखात 'आम्ही' असं लिहिलंय, ते थोरपणा म्हणून नव्हे. आम्ही म्हणजे आण्णांच्या पाठची तीन भावंडं आणि वैनी. बाबा लवकर गेले. आम्हां तिघांना शिकवलं, लग्नं करून दिली ती आण्णांनी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेळगावला कॉलेजात जायचा एस.टी.चा पास त्यांच्या पैशांतून निघायचा. जे घडलं ते आम्हां चौघांकडून घडलं, आणि चूकही चौघांची आहे.

आधीच सांगतो, विषय संडासाचा आहे. कोणी जेवताना वाचत असेल तर पान बाजूला ठेवा, पण नंतर वाचा.

आगमनकाळात सुरुवात झाली. आण्णांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागलं. ते कोणाला बोलले नाहीत. वैनींना कपडे धुताना कळलं, त्यांनी विचारलं, "रक्त पडायलंय काय?" आण्णा म्हणाले, "मूळव्याध हाय. आमच्या बाबांना पण होती." झालं. त्या एका वाक्यावर आम्ही सात महिने काढले. मूळव्याध म्हटलं की आपल्याकडे सगळे डॉक्टर होतात. एकाने सुरण खायला सांगितलं, एकाने इसबगोल आणून दिलं, आम्ही स्वतः "तिखट कमी करा" एवढा उपदेश करून मोकळे झालो. गावातल्या एका डॉक्टरकडे ते गेले होते, पण त्यांनी नुसतं ऐकून मलम आणि पातळ औषध लिहून दिलं. तपासलं नाही. त्यांना आम्ही दोष देत नाही. आण्णांनीच तपासू दिलं नसतं.

मग उपवासकाळ आला. आण्णा दरवर्षी चाळीस दिवस एकभुक्त राहतात. त्या वर्षी ते बरेच उतरले. पँट कमरेला राहीना, पट्ट्याला नवं भोक पाडलं. आम्ही काय म्हणालो असू? "बघा, उपास म्हणतात तो असा." पोरांना धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही आण्णांचं उदाहरण दिलं. गाठ आतून त्यांना खात होती आणि आम्ही त्याला भक्ती म्हणत होतो. हे वाक्य लिहायला आम्हांला फार वेळ लागला.

दुसऱ्याही खुणा होत्या, आता मागे वळून पाहताना दिसतात. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं. जाऊन आलं तरी पोट साफ झालं नाही असं वाटायचं. रक्ताबरोबर शेंबडासारखा चिकट पदार्थ पडायचा. चेहरा पांढरट पडला होता, चर्चच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. आण्णा आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं सॅक्रिस्टीचं काम बघतात. वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या, घंटा सगळं त्यांच्या हातचं. ईस्टरच्या रात्री मिस्सा चालू असताना ते दोनदा बाहेर गेले. असं कधी झालं नव्हतं. तेव्हाही आम्ही काही विचारलं नाही. कसं विचारायचं? थोरल्या भावाला संडासाबद्दल कोण विचारतं?

जूनमध्ये आमच्या बहिणीने हट्टाने त्यांना बेळगावला सर्जनकडे नेलं. त्या डॉक्टरांनी हातमोजा घातला, आण्णांना कुशीवर झोपवलं आणि बोटाने आतून तपासलं. दोन मिनिटं लागली असतील. हात धुऊन ते समोर बसले आणि म्हणाले, "ही मूळव्याध नाही. बोटाला गाठ लागते."

दोन मिनिटं. यंत्र नाही, वीज नाही. गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, खाली असलेली गाठ बऱ्याचदा बोटालाच लागते. सात महिने लाजेपोटी जी तपासणी टाळली ती एवढीच होती.

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्यात लवचीक नळी घालून, तिच्या टोकाच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर सगळं मोठं आतडं बघतात. त्याची लांबी साधारण दीड मीटर असते. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. छातीपोटाचं सी.टी. स्कॅन झालं, ते गाठ यकृतात किंवा फुप्फुसात गेली आहे का ते बघायला. कंबरेखालच्या भागाचं एम.आर.आय. झालं, ते गाठ भिंतीत किती खोल गेली आणि स्नायूंना चिकटली का ते बघायला. तुकड्याचा रिपोर्ट कर्करोगाचा आला. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. पण गाठ गुदद्वाराच्या इतकी जवळ होती की शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूलाच तिने धरलं होतं.

याचा अर्थ सर्जननी कागदावर चित्र काढून समजावला. गाठ वर असती तर तेवढा भाग कापून आतड्याची दोन टोकं जोडता आली असती. काही लोकांना जोड भरून येईपर्यंत थोडे महिने पोटावर पिशवी लावतात, मग ती बंद करतात. पण इथे स्नायूच वाचत नव्हता. तो ठेवला तर गाठ राहणार, काढला तर जोडायला काही उरत नाही. म्हणून गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढायचे, खालची वाट शिवून टाकायची आणि आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणायचं. तिथे पिशवी लागणार, जन्मभर. अर्नेस्ट माइल्स नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जननी 1908 साली ही शस्त्रक्रिया मांडली. शंभर वर्षांहून अधिक काळ ती माणसं वाचवत आली आहे.

आण्णांनी चित्राकडे नीट बघितलं आणि विचारलं, "दोन बोटं वर असती तर?"

"तर जोडता आलं असतं," डॉक्टर म्हणाले.

आण्णा उठले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पोटावर गू बांधून मी वेदीजवळ जाऊ? त्यापेक्षा मेलेलं बरं."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं ते सगळं लिहीत नाही. कोणीतरी सांगितलं, एका ठिकाणी प्रार्थनाशिबिर आहे, तिथे हात ठेवला की गाठी विरघळतात. आण्णा गेले. आम्ही अडवलं नाही. खरं सांगायचं तर आम्हांलाही तेच हवं होतं. आम्ही धर्मशिक्षक, प्रभूने बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या बाईला बरं केलं हे आम्हीच पोरांना शिकवतो, मग आण्णांना कोणत्या तोंडाने सांगणार की तुमच्या बाबतीत प्रभू तसं करणार नाही? तिथे त्यांना सांगण्यात आलं की ऑपरेशनला जाणं म्हणजे विश्वास कमी असणं. ते परत आले तेव्हा रक्त वाढलं होतं.

शेवटी आम्ही फादरांकडे गेलो. फादर रागावले नाहीत. त्यांनी बायबल उघडून सिराखच्या ग्रंथातला 38वा अध्याय आण्णांच्या समोर ठेवला आणि त्यांनाच वाचायला लावला. वैद्याचा मान ठेव, त्यालाही देवानेच घडवलंय, औषधं मातीतून देवच उगवतो, शहाण्याने ती नाकारू नयेत, अशा अर्थाचं तिथे आहे. प्रार्थनाही कर आणि वैद्यालाही जागा दे, दोन्ही एका ठिकाणी. आम्ही हा अध्याय कितीदा वाचला असेल. वर्गात कधी घेतला नव्हता.

मग फादरांनी पोप योहान पॉल दुसरे यांची गोष्ट सांगितली. 13 मे 1981 रोजी, फातिमा मातेच्या सणादिवशी, संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळी झाडली गेली हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती गोळी पुढे फातिमा मातेच्या मुकुटात बसवली, हेही आपण दर मे महिन्यात सांगतो. पण गोळी लागली कुठे, हे आपण सांगत नाही. ती पोटात लागली. रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात पाच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया चालली, आतड्याचा फाटलेला भाग काढावा लागला आणि त्यांच्याही पोटावर आतड्याचं तोंड बाहेर आणलं होतं. 5 ऑगस्टला दुसऱ्या ऑपरेशनने ते बंद केलं. पुढे 1992 च्या जुलैत त्यांच्या मोठ्या आतड्यातून गाठ काढली, ती कर्करोगाची निघाली नाही. पोप फ्रान्सिस यांचंही 4 जुलै 2021 रोजी त्याच रुग्णालयात मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. 33 सेंटिमीटर आतडं काढलं हे त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलं, न लाजता. पुढच्याच रविवारी ते रुग्णालयाच्या दहाव्या मजल्याच्या सज्जात उभे राहून देवदूताची प्रार्थना म्हणाले. त्या दिवशीचं शुभवर्तमान मार्कचं होतं, शिष्यांनी आजाऱ्यांना तेल लावलं ते.

"म्हणजे पोपनापण पिशवी होती?" आण्णांनी विचारलं.

"होती की," फादर म्हणाले. "जवळपास तीन महिने."

आण्णा बराच वेळ गप्प बसले. आम्हांला वाटतं, सिराखपेक्षा हेच कामाला आलं. देव कोणाला कुठल्या वाटेने गाठतो ते सांगता येत नाही.

जुलैपासून किरणांचे शेक सुरू झाले. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, बरोबर किमोच्या गोळ्या. गाठ आकसावी आणि ऑपरेशन नीट व्हावं म्हणून हे आधी देतात. त्यानंतर दोन महिने थांबायचं असतं, शेकाचा परिणाम मागाहूनही चालू राहतो. पुन्हा एम.आर.आय. झालं. गाठ खूपच लहान झाली होती. आम्ही नोव्हेना पुरी करत होतो, आम्हांला वाटलं आता स्नायू वाचणार. डॉक्टरांनी चित्रं दोनदा बघितली आणि नाही म्हणाले. गाठ आकसली, पण स्नायूत होती ती होतीच. त्या दिवशी आम्ही प्रार्थना केली नाही. जपमाळ खिळ्याला तशीच होती.

ऑपरेशन ऑक्टोबरात, रोझरीच्या महिन्यात ठरलं. आदल्या दिवशी फादर येऊन रुग्णाभ्यंग देऊन गेले. वॉर्डातल्या काही जणांनी ते पाहिलं आणि पेशंट चालला असं समजून वैनींचं सांत्वन करायला लागले. आपल्यातही अजून पुष्कळ लोकांना तो संस्कार शेवटच्या श्वासाचा वाटतो. तो आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून आहे, मोठ्या ऑपरेशनच्या आधी जरूर मागावा.

त्याच संध्याकाळी एक सिस्टर शाईचं पेन घेऊन आल्या. पिशवीची जागा आधी खूण करून ठेवतात, कारण झोपलेल्या माणसाचं पोट आणि बसलेल्या माणसाचं पोट सारखं नसतं. घडी पडते तिथे पिशवी चिकटत नाही. सिस्टरनी आण्णांना उभं केलं, बसवलं, वाकवलं, पट्टा कुठे येतो ते बघितलं. आण्णांनी विचारलं, "गुडघे टेकल्यावर?"

सिस्टर क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "टेका की. बघू या."

आणि आण्णांनी त्या वॉर्डाच्या फरशीवर, पलंगाच्या कडेला, गुडघे टेकले. सदरा वर धरलेला, पोट उघडं. सिस्टरही खाली बसल्या आणि तिथे बोटभर वर दुसरी खूण केली. पहिली पुसून टाकली. आम्ही दारात उभे होतो. चर्चमध्ये त्यांना हजारदा गुडघ्यांवर बघितलंय, पण त्या संध्याकाळचं ते बघणं वेगळं होतं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं, दुपार टळून गेल्यावर संपलं. सर्जन बाहेर आले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी काढलेला भाग स्टीलच्या ट्रेमध्ये आणून आम्हांला दाखवला. आमच्यातला एक जण भिंतीला टेकला. सर्जन मात्र खुशीत होते. "हे बघा," ते म्हणाले, "सगळीकडून गुळगुळीत आहे, कुठे फाटलेलं नाही." गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टन असतं आणि लसिकाग्रंथी त्यात असतात. ते वेष्टन न फाडता, त्याच्या बाहेरच्या पातळ पदरावरून कापत गेलं तर रोग मागे राहण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. बिल हील्ड या इंग्रज सर्जननी 1982 पासून ही पद्धत मांडली आणि त्या पदराला त्यांनी नाव दिलं, 'होली प्लेन'. पवित्र पदर. डॉक्टर स्वतः ख्रिस्ती नव्हते. त्यांनी हे नाव सहज सांगितलं आणि चहा प्यायला गेले. आम्ही त्या बाकावर बसून राहिलो. ज्या जागेचं नाव घ्यायला आम्ही सात महिने लाजलो, तिला एका सर्जनने पवित्र म्हटलं होतं.

आण्णांनी चार दिवस पोटाकडे बघितलं नाही. पिशवी बदलताना ते छताकडे तोंड करून झोपायचे. पहिल्यांदा बघितलं वैनींनी. सिस्टर आरसा घेऊन आल्या होत्या, आण्णांनी हाताने बाजूला केला, तेव्हा वैनी पुढे वाकून बघत म्हणाल्या, "ओठागत लाल हाय की हो. मी काय काय समजले होते." सिस्टर हसल्या. खरंच तसंच असतं, लाल आणि ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला स्पर्श कळत नाही, दुखत नाही. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरायचं नसतं. सुरुवातीला सुजलेलं असतं, पुढच्या काही आठवड्यांत आकसतं, म्हणून चकतीचं भोक दरवेळी मोजून कापायचं. मापापेक्षा मोठं कापलं की मळ कातडीला लागतो आणि कातडी सोलवटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. हे सगळं आम्ही वहीत लिहून घेतलं. ही चिकटणारी पिशवीसुद्धा एका बहिणीच्या मायेतून आली आहे. 1954 साली डेन्मार्कमधल्या एलीझ सोरेन्सन नावाच्या परिचारिकेला ती सुचली. तिच्या बहिणीवर असंच ऑपरेशन झालं होतं आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेनाशी झाली होती.

आण्णांचंही तेच झालं. रिपोर्ट चांगला आला, कापलेल्या कडा मोकळ्या होत्या, एकाच ग्रंथीत रोगाच्या पेशी सापडल्या म्हणून पुढे किमोचे डोस चालू झाले. पण आण्णा दारात सुद्धा येईनात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आले नाहीत. फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे तेव्हा वैनी उदबत्ती लावायच्या, वासासाठी. वास नसायचाच. ती पिशवी नीट लावली तर वास बाहेर येत नाही. वास होता तो आण्णांच्या मनात.

एकदा फादर बसले असताना बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली. शुभवर्तमानात आपल्याकडे 'कळवळा' असं भाषांतर केलेला एक शब्द आहे. नाईन गावच्या विधवेचं पोर मेलेलं पाहून प्रभूला आला तो, चांगल्या शोमरोन्याला आला तो, उधळ्या पुत्राच्या बापाला आला तो. मूळ ग्रीक भाषेत तो शब्द आतड्यांवरून बनलाय. म्हणजे प्रभूचं आतडं हललं. आम्ही मराठी घेऊन बी.ए. केलं, आम्हांला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे सांगायची गरज तरी कुठे होती? आपली आई 'आतडं तुटतं माझं' असंच म्हणायची. जवळच्या माणसाला आपण आतड्याचं माणूस म्हणतो. वैनी पटकन बोलून गेल्या, "मग ह्यांचं हातभर कमी झालं, तरी आमच्यावर ओरडायचं काय कमी न्हाई झालं." त्या दिवशी ऑपरेशननंतर पहिल्यांदा आण्णा हसले. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसले.

राखेच्या बुधवारी ते चर्चला आले. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसले. सगळं ठीक चाललं होतं. पण पोटावरच्या त्या तोंडाला स्नायू नसतो, वारा सरला तर अडवता येत नाही. फादरांनी ख्रिस्तप्रसाद उंच धरला, सगळं चर्च शांत, आणि नेमका त्या वेळी आवाज झाला. चांगला मोठा. पुढच्या बाकावरचा एक पोरगा वळून बघायला लागला, आमच्याच वर्गातला. आम्हांला वाटलं संपलं, आता हे पुन्हा कधी येणार नाहीत. मिस्सा संपेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर आण्णाच म्हणाले, "तीस वर्षं त्या वेळेला घंटा मीच वाजवत होतो की."

आता ते पहाटे साडेचारला उठतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी एक पद्धत शिकून घेतली आहे. कोमट पाणी त्या तोंडातून हळूहळू आत सोडायचं आणि आतडं एकदाच रिकामं करायचं. मग दिवसभर फारसं काही होत नाही. सगळ्यांना ते चालत नाही, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. साडेसहाच्या मिस्साला मेणबत्त्या लावायला ते पुन्हा उभे असतात. दोन वर्षं होत आली, तपासण्या चालू आहेत, पुढचं देवाच्या हातात.

एक गोष्ट राहिली. आण्णांच्या डॉक्टरांनी आम्हां तिघा भावंडांनाही दुर्बिणीची तपासणी करायला लावली. सख्ख्या नात्यात हा रोग झाला असेल तर इतरांनी रक्त पडायची वाट न बघता, चाळिशीपासून किंवा त्याआधीही, तपासून घ्यावं लागतं. आदल्या दिवशी फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं सूप, आणि मग ते खारट औषध लिटरभर लिटरभर प्यायचं. चाळीस दिवसांचा उपास परवडला. तपासणीला मात्र झोपेचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही. आमच्यापैकी एकाच्या आतड्यात द्राक्षाएवढा मांसाचा मोड सापडला. तो तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढला. कर्करोग नव्हता, पण असे काही मोड राहू दिले तर आठ-दहा वर्षांत तसे होऊ शकतात. कोणाला सापडला ते आम्ही सांगणार नाही. आमच्यात ठरलंय.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचं असंच ऑपरेशन झालंय, दीड महिना खोलीतून बाहेर येत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, तुमच्यातलं कोणी येईल काय? आजाऱ्यांच्या भेटीला जायचं आमचं काम, आम्ही शनिवारी निघालो. आण्णा आधीच तयार होऊन अंगणात बसले होते. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत त्यांनी आपल्या दोन पिशव्या आणि एक चकती घातली होती.

तो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आण्णांनी आम्हांला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही ओसरीवर बसलो. त्या बाईंनी चहा केला. आतून बराच वेळ आवाज आला नाही. मग आण्णांचं बोलणं ऐकू आलं, "हे भोक कुणी कापलं एवढं मोठं? कातडी सोलणार नाही तर काय!" त्या माणसाने काहीतरी उत्तर दिलं, ते ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने दार बोटभर उघडलं. आण्णांनी कात्री मागितली.